दोन वर्षांनी मोठी

करीमनगरच्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "आईचं वय काय?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग लक्षात आलं, त्या अक्काबद्दल विचारताहेत.

"आई नाही, बहीण आहे," मी म्हणाले. "माझ्याहून दोन वर्षांनी मोठी."

डॉक्टरीणबाई ओशाळल्या. अक्का मात्र हसली आणि त्यांना म्हणाली, "असू दे, अम्मा. हिला लहानपणापासून माझ्या कडेवर बसायची सवय आहे. लोकांचा गोंधळ होणारच."

अक्का तेव्हा एक्कावन्नची होती. भूलक्ष्मी तिचं नाव. केस सगळे पांढरे झालेले, पाठ पुढे कललेली, हनुवटी छातीकडे झुकलेली. तरुणपणी ती माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच होती, आणि आता माझ्या खांद्याला लागत होती. आमची घरं एकाच गल्लीत, रोज डोळ्यासमोर असल्यामुळे मला ते कधी जाणवलंच नाही. साडीचा काठ तिच्या पायात यायला लागला तेव्हा ती म्हणायची, "हल्ली साड्यांचा पन्हाच मोठा काढतात." मीही हो म्हणायचे.

आम्ही गेलो होतो तिच्या मनगटासाठी. दोन महिन्यांपूर्वी नळापाशी पाय घसरला, तिने हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने मोडलं. प्लास्टर काढलं तर हात वाकडा जुळलेला. पाठही वर्षभर दुखत होती, ती तिने हातासोबत सांगून टाकली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी एकेक विचारत लिहायला सुरुवात केली. काय काम करता? विड्या वळतो. किती वर्षं? दहा वर्षांची होते तेव्हापासून. दूध घेता का? चहात पडतं तेवढं. उन्हात बसता का? पानं वाळतात अम्मा, उन्हात बसून विडी वळता येत नाही.

"पाळी कधी गेली?"

"एकोणतिसाव्या वर्षी."

त्यांचा पेन थांबला. "आपोआप गेली?"

"नाही. पिशवी काढली."

"नुसती पिशवी, की दोन्ही बाजूंचे बीजकोशही?"

"काय काय काढलं ते आम्हाला कोण सांगणार?" अक्का म्हणाली. "एका ताटलीत घालून बाहेर आमच्या आईला दाखवलं म्हणे. तिने डोळे मिटून घेतले."

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करायला लावली आणि हाडांची घनता मोजायच्या यंत्रावर तिला झोपवलं. मी बाहेर बाकावर बसले होते. दोनदा उठून पाणी प्यायले. ती ताटली मीही पाहिली होती, आणि मी डोळे मिटले नव्हते.

आमचं गाव तेलंगणात, कोरुट्ल्याजवळ. आमची गल्ली पद्मसाळ्यांची. आमच्या वडिलांच्या काळात घराघरात माग होते. ते बंद पडले आणि पुरुष दुबईला, मस्कतला गेले. बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसल्या. आमच्याकडे मुलगी बघायला आले की स्वयंपाक येतो का हे नंतर विचारतात, आधी विचारतात दिवसाला किती विड्या वळते. अक्काचा हात फार चालायचा. हजार विड्या वळून ती दुपारी चारला उठायची. माझ्या तोवर सहाशे झालेल्या असायच्या, आणि त्यातल्या दोन कट्ट्या, म्हणजे जुड्या, कारखान्याचा माणूस छाट म्हणून परत फेकायचा.

तिला दोन मुलं झाली. मुलगा आणि शिरीषा. तेविसाव्या वर्षी नसबंदी झाली. पुढे तिच्या अंगावरून पांढरं जायला लागलं, कंबर दुखायला लागली. मलाही तोच त्रास होता. गावात सुया टोचणारा एक डॉक्टर होता. तो म्हणाला, "दोघींच्याही पिशवीला सूज आहे. ठेवली तर पुढे कॅन्सर होतो." हे तो सगळ्यांनाच म्हणत असे. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या अकरा बायका पिशवी काढून आल्या होत्या. कुणाला त्यात विशेष वाटत नव्हतं. मुलं झाली आहेत, आता ती ठेवून करायचं काय, असं सासवा म्हणायच्या. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही बरंच वाटलं होतं. महिन्याचे ते चार दिवस जातील, काम बुडणार नाही.

मी सत्तावीसची, अक्का एकोणतीसची. दोघींना एकाच दिवशी बोलावलं. तालुक्याचा तो खाजगी दवाखाना आता बंद झालाय, तिथे मोबाइलचं दुकान आहे. तेव्हा वरच्या मजल्यावर एक लांब खोली होती आणि तिच्या टोकाला हिरवा पडदा. आम्हाला हिरवे झगे दिले. नर्स आली आणि म्हणाली, "दोघी बहिणी ना? आधी कोण?"

मी म्हणाले, "अक्का आधी."

यात विचार असा काही नव्हता. कान टोचायचे झाले तरी अक्का आधी, सुपाशी बसायची पाळी आली तरी अक्का आधी, हे आमच्या घरात ठरलेलंच होतं. अक्काने केसांची गाठ वर बांधली आणि मला म्हणाली, "घाबरू नकोस, सुगुणा. मी आत जाऊन बघून येते काय असतं ते."

मग पडदा हलला आणि ती ताटली बाहेर आली. माझी आई दाराशी उभी होती. नर्सने तिला ती दाखवली आणि आत नेली. मी झग्यावरच साडी गुंडाळली, चपला तिथेच टाकल्या आणि मागच्या जिन्याने खाली उतरले. बसस्टँडपर्यंत पळत गेले. पुढे सहा महिन्यांनी सरकारी नर्सबाईंनी मला गोळ्यांचा कोर्स दिला आणि माझं पांढरं जाणं बंद झालं. एवढंच होतं ते.

त्यावर अक्का वीस-बावीस वर्षं माझी थट्टा करत आली. लग्नात, सणात, चार बायका जमल्या की सुरू करायची. "ही माझी धाकटी. अनवाणी पायांनी, दवाखान्याचा झगा घालून बस पकडणारी सगळ्या जिल्ह्यात ही एकटीच. कंडक्टरने तिकीटसुद्धा मागितलं नाही, भूत समजून लांब उभा राहिला." बायका पोट धरून हसायच्या. मी चिडायचे. दर वेळी तिच्या गोष्टीत कंडक्टर नवीन काहीतरी करायचा.

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवले तेव्हा त्या हळू आवाजात बोलत होत्या.

"दोन्ही बीजकोश काढले आहेत. बायकांच्या अंगात जो रस दर महिन्याला तयार होतो ना, तो हाडांना धरून ठेवतो. पाळी गेली की तो आटतो आणि हाडं विरळ व्हायला लागतात. सगळ्यांचीच होतात. पण पन्नाशीला होतात. तुमचा रस वीस वर्षं आधी एका दिवसात आटला." मग त्या म्हणाल्या, "एकच कारण नसतं. ऊन नाही, दूध नाही, पोटात कसदार नाही, दिवसभर एका जागी बसणं, तंबाखूची धूळ, लवकर झालेली बाळंतपणं. हे सगळं मिळून होतं. पण मोठं कारण ते आहे."

"हिचं काय?" अक्काने माझ्याकडे बोट दाखवलं. "हीसुद्धा तेच खाते, तिथेच बसते. हिचं पण बघा."

मी नको म्हणत होते. अक्का ऐकेना. त्यांनी मलाही यंत्रावर झोपवलं. माझी पाळी नुकतीच, एकोणपन्नासाव्या वर्षी, आपली आपण गेली होती.

"यांचीही हाडं थोडी विरळ झाली आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण वयाला साजेशी. तुमची हाडं मात्र पंच्याहत्तरीच्या बाईची आहेत. मनगटाचं सोडाच, पाठीचे दोन मणके आधीच दबले आहेत. ऑपरेशननंतर तुम्हाला पन्नाशीपर्यंत गोळ्या द्यायला हव्या होत्या. कुणी सांगितलं नाही का?"

"टाके काढायला आठव्या दिवशी या, असं सांगितलं होतं," अक्का म्हणाली. "बरोबर आठव्या दिवशी गेले होते मी."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. करीमनगर मागे पडलं, कोरुट्ला आलं, ती बाहेरच बघत होती. उतरताना मी हात दिला तर तिने घेतला नाही.

तिने सगळं नेमाने केलं, हे मला सांगायलाच हवं. दर रविवारी उठल्याबरोबर उपाशीपोटी ती एक गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास ताठ बसायची. तेव्हा कुणी हाक मारली तरी वळायची नाही. नाचणीची आंबील, तिळाचे लाडू, ताक. सकाळी नऊला ओट्यावर पाय पसरून, पोटऱ्या उघड्या टाकून उन्हात बसायची. येणारेजाणारे विचारायचे, "काय भूलक्ष्मी, पापड वाळत घातलेस का?" ती म्हणायची, "पापड नाही, सांडगे." मारुतीच्या देवळापर्यंत रोज चालत जायची. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, खड्ड्यांच्या रस्त्याने बस-ऑटोत बसायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

राजेशम बावा, म्हणजे अक्काचा नवरा, दुबईहून कायमचा परत आला होता. तो घर झाडायला लागला. गल्लीतले पुरुष हसले तेव्हा तो म्हणाला, "वीस वर्षं परक्यांच्या इमारती झाडल्या. स्वतःच्या बायकोचं अंगण झाडायला कसली लाज?" अंगण तो फारच चांगलं झाडायचा.

फक्त एक गोष्ट बदलली. अक्काने माझी थट्टा करणं सोडलं. त्या वर्षी बतुकम्माच्या सणाला आम्ही फुलं रचून भोवती फेर धरला होता. अक्काला फेरात वाकून टाळी देता येत नव्हती म्हणून ती कडेला खुर्चीवर होती. गल्लीत नवीन आलेली एक सून तिला म्हणाली, "पेद्दम्मा, ती झग्याची गोष्ट सांग ना, सगळ्या म्हणतात तू फार छान सांगतेस."

"कसली गोष्ट?" अक्का म्हणाली. "मला नाही आठवत."

मी फेरात होते. माझी टाळी चुकली. बावीस वर्षं जी थट्टा ऐकून मला राग यायचा, ती त्या दिवशी तिने केली असती तर मी तिच्या पाया पडले असते.

दसऱ्यानंतर शिरीषाचा फोन आला. शिरीषा तीस वर्षांची. तिला मेटपल्लीच्या पलीकडे एका गावात दिली होती. दोन मुलं होती, आणि तीही विड्याच वळत होती. मी त्या वेळी अक्काकडेच बसले होते. फोन मोठ्या आवाजावर होता.

"अम्मा, तुला विचारायचं होतं. त्या ऑपरेशननंतर किती दिवस उठता येत नाही? शुक्रवारी माझं आहे. मुलांना शाळेत कोण सोडणार ते बघायचंय."

"कसलं ऑपरेशन?"

"पिशवीचं. दहा-दहा दिवस जातंय अंगावरून. अत्तम्मांनी दवाखान्यात दाखवलं. काढून टाकू म्हणाले. तुझंही झालंय ना, मग तुला माहीत आहे."

अक्काने फोन कानाला लावला, मग दुसऱ्या कानाला लावला. "शुक्रवारपर्यंत काही करू नकोस," एवढंच म्हणाली. मग तिने शिरीषाच्या अत्तम्मांना, म्हणजे सासूला, फोन केला. नर्सव्वा तिचं नाव. ती आणि अक्का एकमेकींना वदिना, म्हणजे वहिनी, म्हणत. नर्सव्वा म्हणाली, "वदिना, फोनवर काय बोलायचं? लेक तुमची असेल, पण घर मला चालवायचंय." आणि फोन ठेवला.

"मी जाऊन सांगतो," बावा म्हणाला.

"तुम्ही काय सांगणार?" अक्का म्हणाली. "बायकांच्या पोटातलं पुरुषांनीच सांगितलं म्हणून हे सगळं झालं. सुगुणा येईल माझ्याबरोबर."

"अक्का, रस्ता उकरून ठेवलाय तिकडचा," मी म्हणाले. "तुला बसायला मनाई आहे. मी एकटी जाते."

"तुझ्याकडे बघून कुणाला काय कळणार?" ती म्हणाली. तिच्या आवाजात कडूपणा होता की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मेटपल्लीपर्यंत बसमध्ये तिच्याखाली दोन उशा घातल्या. पुढे ऑटो. ऑटोवाल्याला मी सांगितलं, बाळंतीण समजून चालव. त्याने खरोखर हळू चालवला. रस्ताच नव्हता, त्याला तो काय करणार?

नर्सव्वा ओसरीवर सूप घेऊन बसली होती. शिरीषा आतून आली. तिचे ओठ पांढरेफटक होते. आईला बघून ती हसली आणि आईची पाठ बघून हसायची थांबली. सहा महिन्यांत तिने आईला पाहिलं नव्हतं.

"बसा, वदिना," नर्सव्वा म्हणाली. "एवढ्या लांब आलात."

अक्का बसली नाही. "आधी तुम्ही उठा. माझ्याशेजारी उभ्या राहा."

"हे काय?"

"राहा तर खऱ्या."

नर्सव्वा सूप बाजूला ठेवून उठली. मूळची ती ठेंगणी बाई. शिरीषाच्या लग्नात आमच्याकडच्या बायकांनी तिला फार टोमणे मारले होते, विहिणीला हार घालायला भूलक्ष्मीला वाकावं लागतंय म्हणून. आता दोघी शेजारी उभ्या राहिल्या तर नर्सव्वाचं कपाळ अक्काच्या डोक्यावरून दिसत होतं.

"लग्नात मी वाकले होते ना तुम्हाला हार घालायला?" अक्का म्हणाली. "अकरा वर्षं झाली. आता बघा. मी वाकलेली नाहीये. मी सरळ उभी आहे. ही माझी सरळ आहे." मग तिने माझा हात धरून मला पुढे ओढलं. "आणि ही माझी धाकटी. दोनच वर्षांनी. हिने पिशवी काढली नाही. दवाखान्यात हिला लोक माझी लेक समजतात."

नर्सव्वाने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "माझंही काढलंय. बारा वर्षं झाली. मला काय झालं?"

"मनगटं दुखतात?"

नर्सव्वाने हात पदराखाली घेतले.

"सकाळी उठताना पाठ?"

"या वयात कुणाची दुखत नाही?" ती म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. मग तीही चिडली, आणि तिचंही चुकत नव्हतं. "तुम्ही एक दिवस येऊन सांगून जाल. महिन्यातले दहा दिवस ही पडून असते. दोन मुलं, स्वयंपाक, पाणी, सगळं माझ्यावर. रक्त जाऊन जाऊन मेली तर लोक मला म्हणतील, सासूने दवाखाना केला नाही. मी काय करायचं, सांगा."

"मी हिला घेऊन जाते," अक्का म्हणाली. "मुलांसकट. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवते. त्यांनी तपासून सांगितलं की काढायलाच पाहिजे, तर मी स्वतः सही करीन, वदिना. काही वेळा काढावीच लागते, हे मलाही कळतं. पण विचारायचं तरी. मला कुणी विचारू दिलं नाही."

शिरीषा दाराशी उभी होती. तिने आत जाऊन मुलांचे कपडे पिशवीत भरायला घेतले. नर्सव्वाने आमच्यासाठी ज्वारीच्या भाकरी केल्या. आम्ही जेवलो. निघताना ती अक्काला म्हणाली, "सावकाश जा."

येताना तोच ऑटो थेट घरापर्यंत ठरवला, आत आम्ही पाचजण होतो. गावाबाहेर मोरीचं काम चाललं होतं, तिथे चाक खड्ड्यात गेलं. फार मोठा धक्का नव्हता. मुलं तर हसली. अक्काच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

"काय झालं, अम्मा?" शिरीषाने विचारलं.

"काही नाही. जीभ चावली."

घरी पोचलो तेव्हा तिला ऑटोतून उतरता येईना. बावाने आणि मी उचलून नेलं. तिचं वजन मला अजून आठवतं. ओल्या पानांचं पोतं त्याहून जड असतं.

आणखी दोन मणके दबले होते. डॉक्टरीणबाईंनी पट्टा दिला, वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शन दिलं आणि अक्काला रागावल्या. अक्काने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझं राहू दे, अम्मा. हिला कुणाला दाखवायचं ते सांगा." त्यांनी शिरीषाला शेजारच्या इमारतीत बायकांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक लहान गाठ होती, अंगात रक्त फार कमी होतं. गोळ्या दिल्या, रक्तवाढीची इंजेक्शनं दिली. पिशवी काढायची गरज नव्हती. दुसऱ्या महिन्यात दहाचे सहा दिवस झाले, तिसऱ्यात पाच. अक्का अंथरुणावरून रोज विचारायची, "आज किती?" शिरीषा लाजायची, कारण बावा तिथेच असायचा. मग दोघींनी खूण ठरवली. शिरीषा नुसती बोटं दाखवायची.

एका दुपारी घरात मी आणि अक्काच होतो. मी तिच्या पाठीला तेल लावत होते. मणके बोटांना एकेक लागत होते. मी इतके महिने जे बोलायचं टाळत होते ते तेव्हा बोलले.

"अक्का, त्या दिवशी नर्सने विचारलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं. मी आधी गेले असते तर..."

"हो," ती म्हणाली. "मी पण तोच विचार करते."

मी हातावर आणखी तेल घेतलं. तिचं तोंड भिंतीकडे होतं.

"मला राग येतो, सुगुणा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्या दिवसापासून येतो. तुझ्यावर यायला नको हे मला कळतं. तू पळालीस ते बरं केलंस. पण पळताना एकदा पडद्याशी येऊन हाक मारली असतीस. मी तेव्हा शुद्धीवर नव्हते, तरीसुद्धा वाटतं, मारली असतीस."

"तेव्हा मला काही सुचलं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "जरा डावीकडे लाव. तिथे ओढतंय."

मी डावीकडे तेल लावलं. ती मला माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मी मागितलंही नाही. पुढे आम्ही नेहमीसारख्या बोलत राहिलो. कारखान्याचा माणूस, मुलांच्या शाळा, कुणाच्या घरी लग्न.

मार्गशीर्षात तिला थोडं बरं वाटायला लागलं होतं. वॉकर धरून ती न्हाणीपर्यंत जायची. एका सकाळी ती तशीच उभी होती, नुसती वळली, आणि खाली बसली. पाय घसरला नव्हता, फरशी कोरडी होती. शिरीषा जवळच होती, तिने पाहिलं. हाड आधी मोडलं आणि मग ती पडली, असं ती सांगते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंही होतं.

खुब्याचं ऑपरेशन झालं. आत सळई घातली, पण स्क्रू धरायला हाडच पक्कं नव्हतं. तिला उठवून बसवायचे, पण ती बसू शकायची नाही. पडून पडून छातीत कफ साठला. संक्रांतीला आठ दिवस होते. आम्ही दोघी शिरीषाबरोबर सकिनालूंचं, म्हणजे संक्रांतीच्या तांदळाच्या चकल्यांचं, पीठ भिजवायचं ठरवत होतो, म्हणजे अक्का पलंगावरून सांगणार आणि आम्ही करणार. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. मुलगा दुबईहून दुसऱ्या दिवशी आला. त्याने आईला उचललं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "हो, एवढीच होती ती." त्याला दोन वर्षं सुट्टी मिळाली नव्हती.

दिवस झाले. पाहुणे पांगले. शिरीषा सासरी परत गेली. आता तिचं बरं आहे. विड्या वळते, पण सकाळी तासभर शेतावर जाते, आणि नर्सव्वा तिला काही बोलत नाही.

आमच्या गल्लीत मी बायकांना सांगत असते. काही ऐकतात. नाचणी आणतात, उन्हात बसतात, पुढे कंटाळतात. गेल्या महिन्यात दोन घरं सोडून एक मुलगी, अवघी एकतीस वर्षांची, पिशवी काढून आली. मला कळलं तेव्हा ती घरी परतली होती. मी तिच्याकडे गेले, गोळ्या विचारून घे म्हणून सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं नाव लिहून दिलं. तिच्या सासूने मला चहा दिला. कागद तिने कुठे ठेवला मला माहीत नाही.

माघात एका सकाळी नर्सव्वा माझ्या दारात आली. एकटीच, पिशवी घेऊन. पहाटेच्या बसने निघाली असावी.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "पण मला त्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन चल. यंत्रावर झोपवतात म्हणे, तिथे. परवा घागर उचलताना बरगडीत काहीतरी तुटल्यासारखं झालं."

मी साडी बदलली आणि तिच्याबरोबर निघाले. करीमनगरची बस उशिरा येणार होती. स्टँडवर सावलीतला बाक रिकामा होता, पण आम्ही उन्हातल्या बाकावर बसलो. ती बराच वेळ पिशवीचे बंद गुंडाळत होती. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "वदिनाला शेवटी फार दुखलं का गं?"

"हो," मी म्हणाले. "फार दुखलं."

तिने मान हलवली. बस आली, आणि मी तिला दोन्ही हातांनी धरून चढवलं.